एक्केचाळीस गुंजा

मुलाणींची मेहजबीन बँकेच्या पिशवीतून
चार रंगीत कागद काढून माझ्यापुढं मांडते.
हे सिल्व्हर, नाना. हे गोल्ड. हे प्लॅटिनम.
आणि ह्याच्या वरचं मागून मिळत नाही,
बँकच बोलावते.

मी विट्याचा गलाई.
एकोणचाळीस वर्षं मदुराईत भट्टीपुढं बसलो,
सराफांच्या दुकानातला केर विकत घेऊन
जाळला, धुतला, गाळला,
त्यातून गुंज-दोन गुंजा सोनं काढलं.
चांदीचं आधी पाणी होतं,
सोन्याचं त्यानंतर,
प्लॅटिनमनं माझ्या भट्टीला कधी दाद दिली नाही.
म्हणजे ही चढण मला पाठ आहे, पोरी.
एवढंच सांग, ह्यात धातू किती?

ती हसते. सगळं प्लास्टिकच.
मग चढतं काय?
मर्यादा चढते, नाना. वर्षाची फी चढते.
सिल्व्हरला पन्नास हजार, गोल्डला दीड लाख,
प्लॅटिनमवाल्याला विमानतळावर
एसीत खुर्ची आणि फुकटात उपमा.
मिरजेहून जनरलच्या डब्यात
ट्रंकेवर बसून मदुराई गाठलेला माणूस मी.
विचारलं, उपम्याचे पैसे कोण देतं?
म्हणाली, उशिरा भरणारे.

मग तिनं बारीक अक्षरांवर बोट ठेवलं,
तिचा आवाजही बारीक झाला:
महिन्याला शेकडा साडेतीन.
किमान रक्कम भरली की बँक गप्प बसते,
व्याज गप्प बसत नाही.

आणि कुणाला कुठलं, हे कोण ठरवतं?
स्कोअर. तिनं मोबाइलवर माझा नंबर घातला,
थांबली. परत घातला.
नाना, तुमचा स्कोअरच नाही.
शून्य?
शून्य नाही हो. नाहीच.

मदुराईत लोकांचं अर्धा-अर्धा किलो सोनं
रात्री माझ्या उशाशी असायचं,
पावती म्हणजे सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा.
एक मासा कमी भरला नाही कधी.
ते कुठं चढलं नाही.
आतून अनुसया म्हणाली,
"कुणाचं देणं न्हाई, म्हणून हिशेबातच न्हाई व्हय तुमी?"

शेवटी वीस हजाराची ठेव ठेवली,
तिच्यावर अठरा हजाराचं कार्ड.
सगळ्यात खालचं. त्याला धातूचं नावसुद्धा नाही.
पोस्टानं आलं.
हाताची सवय, कसोटीवर घासलं.
दगडावर काही उमटलं नाही,
दगडाचीच करडी रेघ कार्डावर उठली.
मग छोटा तराजू काढला, डबीतल्या गुंजा काढल्या,
लाल, काळ्या डोळ्याच्या.
एक्केचाळीस.

मेहजबीन बघत होती.
तिनं पर्समधून तिचं प्लॅटिनम काढून दिलं,
ह्याचं करा.
एक्केचाळीस. काटा जागचा हलला नाही.
मी हसलो, ती हसली नाही.
भावाच्या लग्नात वापरलं, म्हणाली,
तीन वर्षं झाली, अजून किमानच भरतेय.
मी तिच्या बाजूच्या गुंजा
उगाच पुन्हा एकदा मोजल्या.

पहिली खरेदी अनुसयाचा चष्मा,
दोन हजार तीनशे चाळीस.
दुसऱ्या दिवशी दहाला बँकेच्या दारात उभा,
पैसे रुमालात बांधून.
मेहजबीननं खुर्चीतूनच हात वर केला:
आज नका भरू, नाना. बिल येऊ दे.
आल्यावर सगळं भरा, एक रुपया मागं ठेवू नका.
पण आधीच भरलंत
तर तुमची उधारी त्यांना दिसणार कशी?

दिवा लागायच्या आत देणं फेडायचं,
हे बारा वर्षांचा असताना शिकलो.
आता सत्तरीला उलटं शिकतोय.

बिल अठराला येणार. आज नऊ.
अनुसया नव्या चष्म्यातनं तांदूळ निवडतेय,
एक खडा सुटत नाही तिच्या हातून.
मी दोनदा उठून
रुमालातले पैसे मोजून ठेवले.